वहिनींनी पाहिलेला ठिपका

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. खुशालीच्या पहिल्या चार ओळी मी दरवेळी त्याच लिहितो, म्हणून यावेळी गाळतो. आम्ही दोघं आहोत, गुडघे सोडून सगळं ठीक आहे, असं धरून चाला. बारकीचा फोन आला होता. म्हणाली, आई तशी बरी आहे, पण औषधाच्या बाटलीवरचं नाव स्वतः वाचत नाही, मला दोनदा वाचायला लावते. मी म्हटलं, वय झालं की माणसाला नोकर ठेवावासा वाटतो, आणि पोटच्या मुलीइतका सोयीचा नोकर दुसरा नाही. ती हसली नाही. तुमच्या घरात माझ्या विनोदांवर हल्ली जकात बसलेली दिसते.

फोन न करता पत्र कसं, याचं नवल वाटेल. फोनवर तुम्ही "बरं", "हो का" आणि "ठेवते" एवढंच बोलता. मला जे सांगायचंय ते त्यात बसणार नाही.

तर बातमी अशी. सात वर्षांपूर्वी सतराव्या चौकटीत तुम्ही एका फिक्या ठिपक्यावर खूण केली होतीत. तो खरा निघाला.

बारकी हे वाचून दाखवत असेल, तर तिच्यासाठी मागचं थोडं सांगतो, कारण तेव्हा तिला कॉलेज आणि आरसा यांखेरीज काही दिसत नव्हतं. बारके, आमची संस्था आकाशाच्या त्याच त्या तुकड्यांचे दर पंधरा दिवसांनी फोटो काढते. नव्या फोटोतून जुना वजा करायचा, उरेल ते नवीन. उरतो तो बहुतेक कचराच: कॅमेऱ्याचा डाग, भटक्या किरणाचा ओरखडा, मधूनच गेलेला एखादा दगड. पण हजारांत एखादा ठिपका म्हणजे कुठल्या तरी दूरच्या आकाशगंगेत फुटलेला तारा असतो. तेव्हा यंत्राला तो कचऱ्यातून नीट निवडता येत नसे. म्हणून एका लांबट खोलीत, पडदे ओढून, चार जणींना बसवलं होतं, फोटोंच्या एकेका चौकटीतले ठिपके दिवसभर बघायला. त्यांतली एक तुझी आई. दादा गेल्यावर मीच तिला तिथे चिकटवलं. कापडाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ताग्यांतल्या गाठी आणि तुटके धागे शोधलेली बाई; मला वाटलं, आकाश म्हणजे तरी काय, जरा मोठा तागा.

दुसरं एक सांगायला हवं. त्या फोटोंमध्ये आम्ही मुद्दाम काही खोटे ठिपकेही पेरायचो. बघणाऱ्यांच्या हाती किती लागतात आणि किती निसटतात, ते कळावं म्हणून. पेरायचं काम माझं, आणि कुठे पेरलेत त्याची यादी फक्त माझ्याकडे. दर बुधवारी बैठक. यादी उघडायची, खोटे बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांतले निवडक मोठ्या दुर्बिणीकडे तपासायला पाठवायचे. चांगल्या माणसांचं काम होतं, फक्त त्यात खोटं पेरणारा एक लागायचा.

तर वहिनी, मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गटाच्या प्रमुख बाईंचं पत्र आलं. त्या वेगळ्याच दुर्बिणीचे जुने फोटो चाळत होत्या. त्यांत त्यांना तुमचा ठिपका उजळताना आणि मग मावळताना सापडला. ज्या आकाशगंगेत तो फुटला तिचं अंतर त्यांनी मोजलं. तिथून प्रकाश निघाला त्याला दहा अब्ज वर्षांहून जास्त झाली. आपली पृथ्वी तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती. इतक्या लांबचे फुटलेले तारे आजवर मोजकेच हाती लागलेत. आणि या ताऱ्यावर जगात सर्वांत आधी खूण कोणाची, तर आमच्या नोंदींत तुमची.

म्हणजे तेव्हा तुमचं बरोबर होतं. हे कळवताना मला फार आनंद होतोय.

झालं असं की त्या वेळी यादीत जरा घोळ झाला आणि तुमचा ठिपका माझ्या पेरलेल्यांत धरला गेला. चूक लक्षात येईतो आठ-दहा दिवस गेले, तोवर तारा विझला होता. मग मागाहून हळहळण्यात काय अर्थ, म्हणून कोणी विषय काढला नाही.

सोबत एक कागद जोडलाय. त्या बाईंना नोंदींपुरता छोटासा खुलासा हवाय. त्यात एवढंच म्हटलंय, की ती खूण "पाहणाऱ्या व प्रभारी यांच्या सहमतीने" मागे घेण्यात आली. तसं ते खोटं नाही, बैठकीत शेवटी तुम्हीच म्हणाला होतात, "असेल मग तुमचाच." खाली पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही करा आणि परत धाडा. पाच मार्चला त्यांचा लेख छापायला जातोय, त्याआधी पोचायला हवा. लेखात तुमचं नाव येईल. आमचे संचालक उन्हाळ्यात निवृत्त होतायत आणि त्या खुर्चीसाठी तीन नावं आहेत, त्यांतलं एक माझं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

ही नमस्कार सांगते. बारकीला आशीर्वाद, जावयांना जे काय सांगतात ते.

तुमचा लाडका (हे मीच ठरवलंय)
दीर


बुधवार, १९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं धाडस मी करतोय. मी पाठवलेला कागदच सहीशिवाय परत आलाय. पेन्सिलीची फुली तुम्ही खोडरबराने पुसलीत, तीही इतकी स्वच्छ की कागद उन्हात धरला तरी दिसत नाही. आणि मागच्या बाजूला दोन ओळी:

"भाऊजी, लांबचे तारे सावकाश विझतात हे तुम्हीच शिकवलं होतं. मग हा आठ-दहा दिवसांत कसा विझला?"

हे वाचताना माझा चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला.

शिकवलं होतं खरं. पहिल्याच आठवड्यात, फळ्यावर. तुम्ही विचारलंत, फुटलेला तारा किती दिवस दिसतो. मी म्हटलं, जवळचा असेल तर महिना दोन महिने. पण फार लांबचा असेल तर त्याचा प्रकाश वाटेत असतानाच सगळं विश्व ताणलं गेलेलं असतं, आणि त्याबरोबर वेळही. तिथला एक दिवस आपल्याकडे तीन-तीन दिवस चालतो. तुम्ही म्हणालात, "म्हणजे कापड ओढलं की गाठ लांबट दिसते, तसं." हे वाक्य मी पुढे तीन व्याख्यानांत वापरलं. कोणाचं ते सांगितलं नाही. लोकांना फार आवडलं.

तर हो, तो आठ-दहा दिवसांत विझला नव्हता. मी घाईत लिहिलं. खरं कारण आता सांगतो, निदान बरंचसं खरं.

त्याच्या महिनाभर आधीची बैठक तुम्हाला आठवत असेल. ऑफिसात तुम्ही मला "साहेब" म्हणायचं ठरलं होतं, आणि तुम्ही ते अशा काही सुरात म्हणायचात की "भाऊजी" त्यापेक्षा परकं वाटावं. संचालक तुमचे कागद चाळत होते. काही खुणांपुढे तुम्ही बारीक अक्षरात "सा" लिहिलेलं होतं.

"बाई, हे 'सा' काय आहे?"

"साहेबांचे, सर."

"साहेबांचे म्हणजे?"

"त्यांनी पेरलेले. ते ओळखू येतात."

"कसे काय ओळखू येतात?"

"फार नीटनेटके असतात. आकाशगंगेपासून बेताच्या अंतरावर, चारी बाजूंनी सारखे. गणवेश घालून आल्यासारखे. खरा तारा असा इस्त्री करून फुटत नाही."

सगळं टेबल हसलं. संचालकांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मग पुसता पुसता ते थांबले. खोटे जर ओळखूच येत असतील, तर किती सापडतात आणि किती निसटतात याची माझी सगळी मोजणी निकालात निघत होती. चार महिन्यांचं काम. त्याच्यावरचा माझा लेख छापायला गेलेला होता, तो मला पत्र पाठवून मागे घ्यावा लागला.

मी हसलो होतो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, हेही आठवत असेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फजितीवर जगलोय. माझी फजिती झाली तर चेहरा कुठे ठेवायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि तुम्ही काही टोमणा मारला नव्हता, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. कारखान्यात विणकराला सांगावं तसं तुम्ही मला सांगितलंत, की अहो, तुमच्या मागावरून हे असं येतंय.

पुढचा महिना मी नवे ठिपके बनवले. वाकडे, फिके, एका बाजूला ओघळलेले, आकाशगंगेच्या ऐन उजेडात लपवलेले. संचालकांना वाटलं मी मनावर घेतलं. घेतलंच होतं. त्यांतले निम्मे मी फक्त तुमच्यासाठी बनवले होते. एकदा तरी तुम्ही माझ्या खोट्याला खरा म्हणावं, आणि तेही भर बैठकीत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती. विश्वाचं वय, तारे वगैरे मग.

आणि तो बुधवार आला. तुम्ही सतरावी चौकट पडद्यावर लावलीत.

"हा एक वेगळा आहे," तुम्ही म्हणालात. "अगदी फिका आहे, पण खरा आहे. साहेबांचा नाही."

"माझाच आहे," मी म्हटलं.

"यादी बघून सांगा ना, साहेब."

"बघायची गरज नाही. मी पेरलाय, मला माहीत नसेल?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. कोणीतरी, बहुधा छपाई बघणारा तो जाड्या, म्हणाला, "बाईंची पहिली विकेट." लोक हसले. तुम्ही म्हणालात, "असेल मग तुमचाच," आणि खोडरबर शोधू लागलात.

यादी माझ्या खिशात होती, चौपदरी घडी केलेली. मी ती काढली नाही. पण त्या घटकेला मला खरोखर वाटत होतं की तो माझाच आहे, हे मात्र तुम्ही माना.

यादी मी नीट पाहिली ती तुम्ही काम सोडून गेल्यावर, महिन्याभराने, टेबल आवरताना. तेव्हा कळलं. तेव्हा तारा खरंच गेला होता. आता बोलून तुम्हाला उगाच वाईट वाटेल, म्हणून गप्प राहिलो. एवढंच.

कागद बदलून पाठवतोय. "सहमतीने" काढून "प्रभारींच्या नजरचुकीने" असं घातलंय. म्हणजे दोष पुरता माझ्याकडे घेतलाय. आता सही करायला हरकत नसावी. फुली केलेली नाही, जागा तुम्हाला सापडेल.

तुमचा
दीर


सोमवार, ३ मार्च

वहिनी,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच ते पत्र होतं.

शनिवारी त्याचा कच्चा मसुदा हिच्या हाती लागला. ही कपड्यांच्या घड्या करत होती. वाचला, बाजूला ठेवला, आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं मिळून घडी घालतो, ती सवय आहे. चादर ताणून धरत ही म्हणाली, "तुम्ही वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं ना?"

"नेलं होतं."

"त्या बैठकीच्या आधी की नंतर?"

"नंतर. सहा-सात दिवसांनी."

"मग यादी कधी पाहिलीत?"

"ते मी पत्रात लिहिलंय की."

"मी पत्रातलं विचारत नाहीये."

घडी घालताना शेवटी दोघांना जवळ यावं लागतं. हिने माझ्या हातातली टोकं घेतली, चादर कपाटात ठेवली, आणि स्वयंपाकघरात गेली. रविवारभर आम्ही "मीठ" आणि "दार लाव" याखेरीज काही बोललो नाही. आज लिहायला बसलोय.

यादी मी त्याच बुधवारी पाहिली. दुपारी चार वाजता. बैठक संपून तास झाला होता आणि मी खुशीत होतो. ती खुशी जरा लांबवावी, तुमचा ठिपका माझ्या यादीत कितव्या नंबरवर आहे ते डोळे भरून बघावं, म्हणून घडी उघडली. साठ ठिपके होते. सतराव्या चौकटीत दोन. एक वरच्या कोपऱ्यात, एक डावीकडे. तुमचा उजवीकडे खाली होता. मी तीनदा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि चौथ्यांदा वाचलं.

तुमची खोली माझ्या खोलीपासून अकरा पावलांवर होती. तुम्ही आत बसून पुढच्या चौकटी बघत होतात. मला एवढंच म्हणायचं होतं, की वहिनी, चुकलो, तो माझा नाही. मोठ्या दुर्बिणीला संध्याकाळी निरोप गेला असता.

त्याऐवजी मी काय केलं ते आज सकाळपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. हिलाही नाही.

आमच्याकडे "सोडून द्यायच्या जागा" म्हणून एक नोंद असते. फोटोत काही जागा कायमच्या बाद असतात, एखाद्या झगझगीत ताऱ्याच्या शेजारच्या, किंवा कॅमेऱ्याचा कोपरा मेलेला असतो तिथल्या. त्या तिथे लिहिल्या की यंत्र त्या जागा पुन्हा कोणाच्या पडद्यावर आणत नाही. आता, मी पेरलेला खोटा ठिपका पुढच्या फोटोत नसतो. खरा असतो. पंधरा दिवसांनी तो त्याच जागी पुन्हा येणार होता, आणि तुम्ही पुन्हा म्हणणार होतात, हा साहेबांचा नाही. यावेळी सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी ती जागा त्या नोंदीत घातली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "कॅमेऱ्यातील दोष." पुढे माझी आद्याक्षरं, तारीख, आणि वेळ यंत्रानेच घातली: चार वाजून वीस मिनिटं. बघा, फक्त वीस मिनिटं लागली मला.

त्या बाईंनी आमच्याकडे नेमकं हेच विचारलं होतं. तुमचा कॅमेरा त्या जागी ठणठणीत असताना ती जागा वगळली का? मी तुम्हाला "नोंदींपुरता छोटासा खुलासा" असं लिहिलं. तुमची सही मला तुमच्या गौरवासाठी नको होती. माझ्या आद्याक्षरांवर घालायला हवी होती. आणि खुर्चीचा संबंध नाही म्हणालो, तो होता.

पुढे दहा आठवडे तो तारा तिथे होता. इतरांना दिसत नव्हता, मला दिसत होता. मूळ फोटो मी उघडू शकत होतो. दर पंधरा दिवसांनी उघडायचो. पाच वेळा पाहिला. दर वेळी वाटायचं की आज विझलेला असला तर बरं, म्हणजे प्रश्न मिटेल. तो काही विझेना. फळ्यावर मी शिकवलं होतं तसाच, अगदी सावकाश चालला होता. तिसऱ्या खेपेलासुद्धा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. सहाव्या फोटोत तो नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला, वहिनी. दहा अब्ज वर्षं चालत आलेली गोष्ट आमच्या दारात अडीच महिने उभी राहिली, आणि ती एकदाची गेली म्हणून मला हलकं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरचं राहिलं. ते या पत्रात राहून गेलं तर बरं, असं मघापासून वाटतंय.

बैठकीनंतरच्या सोमवारी तुम्ही माझ्या खोलीत आलात. दार लोटलंत. त्या दिवशी "साहेब" म्हणाला नाहीत. "भाऊजी, मला ते इतकं स्वच्छ दिसलं होतं, आणि ते नव्हतं. असं कारखान्यात एकदाही झालं नाही. डोळ्यांत काहीतरी असणार. बारकीला सांगू नका, घाबरेल." मी म्हटलं, चला, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि तुम्हाला घेऊन गेलो. तुमची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलो. समोर तुम्ही तक्ता वाचत होतात. सगळ्यांत खालची ओळ वाचलीत, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलंत. डॉक्टर हसला. "बाई, या डोळ्यांना मी काय औषध देऊ? मलाच द्या थोडी दृष्टी."

जिना उतरताना तुम्ही कठड्याला धरून थांबलात. म्हणालात, "डोळ्यांत नाही म्हणजे मग डोक्यात आहे."

मी म्हटलं, "ताण असतो, वहिनी. थोडी विश्रांती घ्या."

सगळं माहीत असताना म्हटलं. सहा दिवस झाले होते मला माहीत होऊन. तुम्ही मान हलवलीत आणि वर मलाच म्हणालात, "तुमचा आज उगाच दिवस मोडला."

दोन महिन्यांनी तुम्ही राजीनामा दिलात. तोवर तुम्ही एकेक चौकट तीनदा बघायला लागला होतात आणि शेजारणीला विचारायला लागला होतात, "तुलाही दिसतंय ना?" निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं. लोकांना चांगलंच हसवलं.

बारकी त्या बाटलीचं सांगत होती तेव्हा मी नोकराचा विनोद केला. ते वयाने आलेलं नाही. ते त्या बुधवारपासून आहे, आणि हे मला ठाऊक होतं. ती बोलत असताना ठाऊक होतं. हे पत्र तिलाही वाचू दे. पण आधी तुम्ही स्वतः वाचा, कोणाला वाचायला न लावता. तुम्हाला दिसतं. तेव्हाही दिसत होतं. त्या अख्ख्या इमारतीत तुम्हाला एकटीलाच दिसत होतं.

आता आज काय केलं ते.

आधी ठरवलं होतं की तुम्हाला विचारीन. तुमची परवानगी असेल तर त्यांना खरं कळवीन, नसेल तर नाही. फार उदार वाटत होतं मला ते. मग ध्यानात आलं, तुम्ही काय म्हणाल ते मला आधीच माहीत आहे. दादांच्या आजारपणात मी तीन आठवडे फिरकलो नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या, भाऊजी." तुमचं वाक्य मी व्याख्यानात वापरलं हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं, तेव्हाही तेच म्हणाला असाल. मी सात वर्षं त्याच्याच भरवशावर काढली. म्हणून या वेळी विचारलं नाही.

सकाळी संचालकांकडे गेलो आणि खरा खुलासा लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"हे असं लिहायलाच हवं का? यादीतला घोळ म्हणा. सगळ्यांचंच भागतं."

"वहिनींचं भागत नाही."

"कोण वहिनी?"

मी म्हटलं, "सतराव्या चौकटीच्या बाई. माझ्या वहिनी लागतात." त्यांना हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, ते माझ्यासाठी. मी सांगितलं नाही, ते माझ्यासाठीच.

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "हे गेलं की तुमचं नाव त्या तिघांत राहणार नाही, कळतंय ना?" म्हणाले. मी म्हटलं, कळतंय. चौकशीही होईल, ती व्हायलाच हवी.

मग त्या बाईंना लिहिलं. शब्द न शब्द उतरवतो, म्हणजे मागाहून मी काही गाळलं असं व्हायला नको: "ही खूण आमच्या पाहणाऱ्या बाईंनी केली होती आणि ती बरोबर होती. तो ठिपका पेरलेला नाही, हे मला त्याच दिवशी दुपारी चार वाजता कळलं. चार वाजून वीस मिनिटांनी मी ती जागा सोडून द्यायच्या जागांच्या नोंदीत घातली. कॅमेऱ्यात दोष नव्हता. पाहणाऱ्या बाईंची यात कसलीही संमती नव्हती." आधी सहावं वाक्यही होतं, मी असं का केलं याचं. ते खोडलं. वाचायला फार छान होतं.

तासाभरात उत्तर आलं. मला एवढंच, की कळलं. बाकी सगळं तुमच्याबद्दल होतं. लेखात तुमचं नाव पहिलं पाहणाऱ्या म्हणून येतंय. छापायला जाण्याआधी ते कसं लिहायचं ते त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचंय. आणि त्यांना विचारायचंय, की खरा आणि पेरलेला तुम्ही वेगळा कसा ओळखता, कारण त्यांचं आजचं यंत्रही तिथेच अडतंय. मी तुमचा नंबर दिला. त्या उद्या सकाळी फोन करतील. हे पत्र टपालाने वेळेवर पोचणार नाही, म्हणून ही आज दुपारच्या गाडीने स्वतः घेऊन निघालीय. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात की त्या तुम्हालाच चहा करत बसतील."

माफी मागायला हे लिहीत नाहीये, असं शेवटी लिहायचं मनात होतं. तेही खोटं. मागतोय. पण ती लगेच मिळावी अशी माझी लायकी नाही, आणि कधीच मिळाली नाही तर तक्रारीला तोंडही नाही. तुम्ही रागवा. बारकीसमोर मला नावं ठेवा, जावयांसमोर ठेवा, माझ्या दारात येऊन ठेवा. माझ्याकडून मागणं एकच आहे, तेवढं पाळा.

जाऊ द्या, असं लिहू नका.

तुमच्या डोळ्यांवर खोटा आळ घेतलेला,
तुमचा दीर